ट्रॅक्टरच्या एंजिनास उष्णतेचा कांटा कोणता बसवावा?

ट्रॅक्टर विकत घेतांना आपले शेतकरी बंधू त्याची अश्वशक्ति पाहतात, टायर पाहतात, तासास डिझेल किती लागतें याची चौकशी करतात; परंतु चालकाच्या समोरील पत्र्यावर असलेल्या एका लहानशा कांट्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. एंजिन किती तापलें आहे हें सांगणारा तो कांटा होय. मिस्त्री लोक त्यास 'हीटचा कांटा' किंवा 'टेम्परेचर मीटर' म्हणतात. ट्रॅक्टर एकदोन हातांतून फिरून आलेला असला तर हा कांटा बहुधा बंद पडलेला असतो, त्याची तार तुटून लोंबत असते, आणि घेणाराही 'एंजिन तर चांगलें चालतें आहे' एवढ्यावर समाधान मानतो. अशा ट्रॅक्टरास बाजारांतून नवा कांटा आणून बसवावयाचा झाल्यास तो कोणत्या जातीचा असावा, कोठें बसवावा व बसविल्यावर त्यावर कितपत विसंबावें, हें सभासद आम्हांस वरचेवर विचारीत असतात. त्यांच्या उपयोगासाठीं ही माहिती येथें एकत्र देत आहों.

एक अनुभव

आरंभीं आमच्या घरचीच एक हकीकत सांगतों, कारण या विषयाचें मर्म तींत आहे. हरभऱ्याची मळणी चालू होती. ट्रॅक्टर एका जागीं उभा करून पी. टी. ओ. वर मळणीयंत्र लावलेलें होतें. कांटा चालू स्थितींत होता व चालकही दर थोड्या वेळानें त्याकडे पाहत होता. रेडिएटरच्या खालच्या रबरी नळीस चीर पडली व भुसा उडत असल्यामुळें पाणी सांडलेलें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. कांटा हिरव्या पट्ट्यांतच होता. किंबहुना तो किंचित् खालीं आला, तेव्हां चालकास बरेंच वाटलें. थोड्याच वेळांत एंजिनाचा आवाज बदलला, तें जड झालें आणि जागच्या जागीं जाम झालें. उघडून पाहतां हेड वांकलें होतें, हेड गॅस्केट जळलें होतें व दोन पिस्टन लायनरांत धरले होते. मळणीचे ऐन दिवस हातचे गेले आणि दुरुस्तीचा खर्च इतका झाला कीं त्या हंगामाच्या हरभऱ्यांतून तो निघाला नाहीं.

पुढें आम्हीं तो कांटा उकळत्या पाण्यांत तपासून पाहिला. त्यांत कांहींही बिघाड नव्हता. त्याचा सेन्सर पाण्याची उष्णता मोजण्याकरितां बसविलेला होता. पाणीच निघून गेल्यावर तो नुसत्या हवेंत व वाफेंत राहिला. हवेंतून उष्णता सेन्सरापर्यंत फार मंद गतीनें पोंचते. म्हणून लोखंड लालबुंद होण्याच्या मार्गावर असतांही कांटा आपला शांतच राहिला. कांटा खोटें बोलला नाहीं. त्यास आम्हीं जें विचारलें होतें त्याचेंच उत्तर त्यानें दिलें. चूक आमच्या विचारण्यांत होती. यास्तव कांटा निवडतांना पहिला प्रश्न 'कोणत्या कंपनीचा?' हा नसून 'आपणांस कशाची उष्णता कळावयास पाहिजे?' हा आहे.

एंजिन तापतें म्हणजे काय होतें

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा ढोबळ मानानें एक तृतीयांश भागच कामास लागतो. दुसरा तितकाच भाग धुराबरोबर धुराड्यांतून निघून जातो, आणि राहिलेला भाग पाणी, तेल व हवा यांच्या द्वारें बाहेर काढून टाकावा लागतो. तो बाहेर पडण्याचा मार्ग अडला कीं एंजिन तापूं लागतें. रेडिएटरच्या जाळींत भुसा व कुसळें बसणें, पंख्याचा पट्टा सैल होणें, पाणी कमी होणें, विहिरीच्या क्षारयुक्त पाण्यानें आंत चुनखडीचा थर धरणें, थर्मोस्टॅट अडकणें, हीं त्याचीं नेहमींचीं कारणें होत.

थर्मोस्टॅट हें पाण्याच्या वाटेवरील एक आपोआप उघडणारें झांकण आहे. त्याच्या डबींत मेण असतें. पाणी ठराविक उष्णतेस पोंचलें कीं मेण वितळून फुगतें व झांकण उघडतें. पुष्कळ ट्रॅक्टरांत तें ७० ते ८५ सेल्सियस अंशांच्या दरम्यान उघडूं लागतें. त्यामुळें चांगल्या स्थितींतील एंजिनाचें पाणी कामावर असतांना सामान्यतः ७५ ते ९५ अंशांत राहतें. नेमका आंकडा त्या त्या ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तकांत दिलेला असतो व तोच प्रमाण मानावा.

कित्येक मिस्त्री 'गाडी गरम होते' म्हटलें कीं थर्मोस्टॅट काढून फेंकून देण्याचा सल्ला देतात. हा सल्ला घातक आहे. एंजिन फार थंड चालणेंही वाईटच. कारण थंड एंजिनांत डिझेल पुरतें जळत नाहीं, तें सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन खालच्या तेलांत मिसळतें आणि लायनर व रिंगा लवकर झिजतात. ज्याच्याजवळ आंकडे दाखविणारा कांटा आहे त्यास हा दोषही दिसतो. नांगरट चालू असतांना कांटा ५५ किंवा ६० अंशांवरच रेंगाळत असेल, तर थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडा अडकलेला आहे असें समजावें.

बाहेरची हवा थंड असली म्हणजे एंजिन तापावयाचें नाहीं, हा समजही सोडून दिला पाहिजे. उत्तर अमेरिकेंतील हिमप्रदेशांत बर्फावरून धांवणारी 'स्नोमोबील' नांवाची गाडी असते. तिच्यापैकीं पाण्यानें थंड होणाऱ्या जातींत पाणी गाडीच्या पोटाखालील धातूच्या पट्ट्यांतून फिरतें, व पट्ट्यानें मागें उडविलेला भुसभुशीत बर्फ त्या धातूवर आपटून पाणी थंड होतें. ही गाडी घट्ट गोठलेल्या बर्फावर आली कीं भुसभुशीत बर्फ उडत नाहीं, आणि भोंवतालीं गोठवणारी थंडी असूनही एंजिन तापतें. म्हणून तेथील लोकही आपल्या गाड्यांना उष्णतेचे कांटे वेगळे आणून बसवितात. आपल्या ट्रॅक्टरची गोष्ट याहून निराळी नाहीं. पौषाच्या थंडींत तुरीची मळणी चालली असतां ट्रॅक्टर एका जागीं उभा असतो, समोरून वारा लागत नाहीं व जाळी भुशानें भरते. हवा थंड असूनही तो वैशाखांतील नांगरटीपेक्षां लवकर तापूं शकतो.

रंग नको, आंकडे हवेत

पुष्कळ ट्रॅक्टरांच्या मूळ कांट्यावर आंकडे नसतात. हिरवा व तांबडा असे पट्टे मात्र असतात. नवा कांटा घेतांना आंकडे असलेलाच घ्यावा. याचें कारण असें कीं हिरव्या पट्ट्यांत पुष्कळ अंशांचा फरक दडून राहतो. नेहमीं ८२ वर असणारा कांटा आज त्याच कामास ९२ वर गेला, ही पहिली सूचना होय. परंतु रंगाच्या कांट्यावर दोन्ही 'हिरवे'च दिसतात.

शिवाय पाणी कोणत्या अंशास उकळेल हें रेडिएटरच्या झांकणावर अवलंबून असतें. समुद्रसपाटीस मोकळें पाणी १०० अंशांस उकळतें. झांकण ०.५ बार दाब धरणारें असल्यास तें सुमारें १११ अंशांपर्यंत व ०.९ बार धरणारें असल्यास सुमारें ११८ अंशांपर्यंत उकळत नाहीं. झांकणाचें रबर कुजलें कीं हा लाभ नाहींसा होतो. म्हणजे १०२ हा आंकडा एका ट्रॅक्टरास सोसण्यासारखा, तर दुसऱ्यास पाणी उकळून बाहेर पडण्याचा असूं शकतो. तांबड्या पट्ट्यास हें कसें कळणार?

पाण्याकरितां ४० ते १२० अंश दाखविणारी तबकडी पुरेशी आहे. कांहीं कांट्यांवर फॅरनहाइट अंश असतात. तसा कांटा मिळाल्यास १८० म्हणजे ८२ सेल्सियस, २१२ म्हणजे १०० व २३० म्हणजे ११०, हे तीन आंकडे लक्षांत ठेवावे. तबकडी निदान दोन इंच व्यासाची, कांटा जाड व रात्रीच्या कामाकरितां आंत दिवा असलेली असावी. उन्हांत चमकून आंकडे दिसेनासे होतील अशी कांच नसावी.

कांट्याच्या तीन जाती

पहिली जात यांत्रिक कांट्याची. यांत एक धातूची कुपी असते व तींत सहज वाफ होणारा द्रव भरलेला असतो. कुपी तापली कीं आंतील वाफेचा दाब वाढतो. तो केंसासारख्या बारीक पोकळीच्या तांब्याच्या नळींतून तबकडीपर्यंत येतो व तेथील वांकड्या चपट्या नळीस उलगडूं पाहतो. त्या उलगडण्यानें कांटा फिरतो. ही वांकडी नळी बूर्डन नांवाच्या फ्रेंच यंत्रज्ञानें १८४९ सालीं काढली व दाब मोजण्याच्या घड्याळांत ती आजही आहे. या जातीस वीज लागत नाहीं. बॅटरी उतरलेली असो, तारा उंदरांनीं कुरतडलेल्या असोत, कांटा आपलें काम करतो. जुन्या ट्रॅक्टरास ही जात फार सोईची आहे. हिचे दोष दोन. नळी कापून लहान करतां येत नाहीं आणि जोडून मोठीही करतां येत नाहीं. ती मोडली तर सबंध कांटा टाकून द्यावा लागतो. म्हणून सुतळीनें अंतर मोजून मगच नळीची लांबी ठरवावी. नळी साधारण सहा किंवा बारा फुटी मिळते. उरलेली नळी मोठ्या वेटोळ्यांत सैल बांधून ठेवावी. तिला घडी पडूं देऊं नये.

दुसरी जात विजेच्या कांट्याची. हिच्या सेन्सरांतील पदार्थाचा गुण असा कीं तो जसजसा तापतो तसतसा विजेस होणारा त्याचा अडथळा कमी होतो. एका प्रचलित जातींत ४० अंशांस सुमारें २९० ओहम असलेला अडथळा १२० अंशांस सुमारें २२ ओहमांवर येतो. प्रत्येक कारखान्याचें हें प्रमाण एकच नसतें. म्हणून तबकडी एकाची व सेन्सर दुसऱ्याचा, असें कधींही करूं नये. आटे जुळले तरी आंकडे जुळत नाहींत. दोन्ही एका पेटींतील, जोडीनें घ्यावे व एक जादा सेन्सर त्याच वेळीं घेऊन ठेवावा. जुना सेन्सर राहूं देऊन नुसती तबकडी बदलणें ही सर्वांत सामान्य चूक आम्हांस आढळली आहे.

तिसरी जात आंकडे प्रकाशांत उमटविणाऱ्या डिजिटल कांट्याची. ही एकेक अंश दाखविते व बहुतेक वेळां तींत धोक्याची घंटाही असते. चालकाचें लक्ष मागें नांगराकडे किंवा मळणीयंत्राकडे असतें, त्यामुळें कानास ऐकूं येणारी सूचना डोळ्यांस दिसणाऱ्या सूचनेपेक्षां अधिक उपयोगी पडते. परंतु दुचाकीकरितां किंवा मोटारीकरितां केलेले स्वस्त डिजिटल कांटे शेताच्या धुळींत व हादऱ्यांत फार दिवस टिकत नाहींत. घेतांना पेटीवर आय. पी. ६५ किंवा आय. पी. ६७ अशी खूण आहे कीं नाहीं तें पाहावें. यांतील पहिला ६ हा आंकडा धूळ मुळींच आंत शिरत नाहीं असें दाखवितो; दुसऱ्या जागीं ५ असल्यास पाण्याच्या फवाऱ्यानें व ७ असल्यास एक मीटर पाण्यांत अर्धा तास बुडूनही बिघडत नाहीं असा अर्थ होतो. तो १२ व २४ व्होल्ट अशा दोन्ही दाबांवर चालणारा असावा, म्हणजे विजेच्या कमीजास्त होण्यानें लवकर जळत नाहीं.

येथें एक गोष्ट विशेषेंकरून ध्यानांत धरावी. यांत्रिक कांट्याची नळी मोडली, तर दाब निघून जाऊन कांटा खालीं, म्हणजे 'थंड' या बाजूस बसतो. विजेच्या कांट्याची तार तुटली, तर बहुतेक जातींत तोही 'थंड' दाखवितो. मेलेला कांटा आणि निरोगी थंड एंजिन यांचें रूप एकच असतें. म्हणून रोज सकाळीं एंजिन सुरू केल्यावर कांटा हळूहळू वर चढून आपल्या नेहमींच्या जागीं आला कीं नाहीं हें पाहण्याची संवय चालकास लावावी. ज्या दिवशीं कांटा हलला नाहीं, त्या दिवशीं ट्रॅक्टर कामावर नेऊं नये.

सेन्सर कोठें बसवावा

पाण्याच्या उष्णतेचा सेन्सर हेडमधून पाणी बाहेर पडतें त्या ठिकाणीं, थर्मोस्टॅटच्या अलीकडे, म्हणजे एंजिनाच्या बाजूस असावा. तेथें पाणी सर्वांत जास्त तापलेलें असतें. थर्मोस्टॅटच्या पलीकडे, रेडिएटरकडे जाणाऱ्या नळींत तो बसविला तर झांकण उघडेपर्यंत त्यास खरी उष्णता कळत नाहीं. आणि झांकण बंद अवस्थेंत अडकलें, तर एंजिन जळत असतांही तो थंडच दाखवील. रेडिएटरच्या खालच्या नळींत तर पाणी थंड होऊन आलेलें असतें, तेव्हां तेथील आंकडा नेहमींच कमी येतो.

कारखान्यानें सेन्सराकरितां ठेवलेलें भोंक असतेंच. त्याचे आटे कोणते तें आधीं पाहावें. इंची मापाचे निमुळते आटे व मिलिमीटर मापाचे सरळ आटे दिसण्यांत सारखे वाटतात, पण एकांत दुसरा जबरीनें पिळल्यास हेडमधील आटे कायमचे जातात. जुना सेन्सर काढून दुकानीं नमुन्यादाखल न्यावा. मध्यें जोडतुकडा घालणें भाग पडल्यास तो शक्य तितका आंखूड असावा. लांब जोडतुकड्यामुळें सेन्सराचें टोंक वाहत्या पाण्यांतून बाहेर ओढलें जातें व आंकडा कमी येतो.

विजेचा एक तारेचा सेन्सर आपल्या आट्यांतूनच एंजिनाच्या धातूशीं जोडला जातो व विजेचा परतीचा मार्ग तोच असतो. गळती होऊं नये म्हणून त्यावर पांढरी टेप भरमसाट गुंडाळली, तर हा मार्ग तुटून कांटा कमी दाखवितो. टेपेऐवजीं तांब्याची चकती किंवा आट्यांस अगदीं थोडा लेप पुरे.

पाणी गेल्याची सूचना

आतां आमच्या अनुभवाकडे पुन्हां वळूं. पाण्यांतील सेन्सर कितीही चांगला असला तरी पाणी गेल्यावर तो निरुपयोगी होतो. याला उपाय दोन आहेत. पहिला, रेडिएटरच्या वरच्या टांकींत पाण्याची पातळी पाहणारा सेन्सर बसविणें. पाणी त्याच्या खालीं गेलें कीं घंटा वाजते. उष्णता वाढण्यापूर्वींच सूचना मिळते, हा याचा मोठा गुण. दुसरा, हेडच्या धातूची उष्णता मोजणारा सेन्सर लावणें. तो कडीच्या आकाराचा असतो व एखाद्या बोल्टाखालीं बसतो. पाणी असो वा नसो, लोखंड तापलें कीं त्यास कळतेंच. मात्र तो बसविण्याकरितां हेड आवळणारा मुख्य बोल्ट कधींही सैल करूं नये, नाहींतर गॅस्केट जाईल. हेडवर दुसरा एखादा भाग अडकविणारा लहान बोल्ट असतो, तो निवडावा. आणि तो धुराड्याजवळचा नसावा.

हवेनें थंड होणाऱ्या एंजिनांत पाणी नसतेंच. तेथें हेडच्या धातूचा किंवा तेलाचा कांटा हाच खरा. त्याचे आंकडे पाण्याच्या आंकड्यांहून पुष्कळ मोठे असतात, म्हणून ४० ते १२० ची तबकडी तेथें चालत नाहीं. किती अंश योग्य हें माहितीपुस्तकावरूनच ठरवावें. विहिरीवर रात्रभर एकटें चालणाऱ्या पंपाच्या एंजिनास तर नुसता कांटा लावून उपयोग नाहीं, कारण पाहावयास तेथें कोणी नसतें. तेथें ठराविक उष्णतेस एंजिन आपोआप बंद करणारी कळच बसविली पाहिजे.

बसविण्यापूर्वीं परीक्षा

नवा कांटा आणला म्हणजे तो बरोबरच असेल असें धरून चालूं नये. परीक्षा घरच्या चुलीवर करतां येते. पातेल्यांत पाणी ठेवून त्यांत सेन्सर तळास न लागेल असा टांगावा. विजेचा असल्यास त्याच्या अंगास एक तार गुंडाळून ती बॅटरीच्या ऋण टोंकास जोडावी, व ज्या टोंकास मुख्य तार लावावयाची तें पाण्याबाहेर ठेवावें. जवळ ११० अंशांपर्यंतचा कांचेचा उष्णतामापक धरून ६०, ७०, ८० व ९० या अंशांस दोन्ही आंकडे लिहून ठेवावे. शेवटीं पाणी खळखळून उकळूं द्यावें. कोंकणपट्टींत तें १०० अंशांस उकळतें. परंतु दर ३०० मीटर उंचीस सुमारें एक अंश कमी होत असल्यामुळें पुण्याच्या उंचीवर सुमारें ९८ व महाबळेश्वरीं सुमारें साडेपंचाण्णव अंशांस उकळतें. तेव्हां देशावरील शेतकऱ्यानें ९८ आंकडा दिसल्यास कांट्यास दोष देऊं नये. दोनतीन अंशांचा फरक चालेल, पण तो नेहमीं एकाच बाजूचा असला पाहिजे. कधीं चार अंश वर व कधीं चार अंश खालीं असा जो कांटा दाखवील तो परत करावा.

बसवितांना एंजिन पूर्ण थंड असावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडल्यानें तोंड व हात भाजल्याचीं उदाहरणें गांवोगांव आहेत. नळी किंवा तार धुराडें व पंखा यांपासून दूर न्यावी. पत्र्याच्या भोंकांतून जाते तेथें रबराची कडी घालावी. विजेच्या कांट्यास स्वतंत्र फ्यूज द्यावा. पाणी पुन्हां भरतांना एंजिन थोडा वेळ झांकण काढून चालवावें, म्हणजे आंत अडकलेली हवा निघून जाईल. सेन्सरापाशीं हवेचा बुडबुडा राहिला तर आंकडा चुकतो.

कांटा वाचावा कसा

कांटा बसविल्यावर पहिले आठ दिवस निरनिराळ्या कामांचे आंकडे लिहून ठेवावे: रिकामें चालतांना किती, नांगरटीस किती, मळणीस किती, दुपारीं किती व सकाळीं किती. हा आपल्या एंजिनाचा स्वभाव होय. नांगरटीचा व मळणीचा आंकडा तेलाच्या रंगानें चालकाच्या समोरील पत्र्यावर लिहून टाकावा. घंटा असल्यास ती आपल्या सर्वांत मोठ्या नेहमींच्या आंकड्याहून आठदहा अंश वर, परंतु माहितीपुस्तकांतील धोक्याच्या मर्यादेच्या आंत लावावी.

कांटा त्या आंकड्याच्या वर पांचसात अंश चढला कीं प्रथम जाळी पाहावी, मग पट्टा, मग पाणी. दहा अंशांवर चढला तर काम थांबवून पी. टी. ओ. सोडावा व एंजिन मध्यम गतीनें रिकामें चालूं द्यावें. बोजा निघतांच बहुधा आंकडा उतरूं लागतो. एकदम बंद केल्यास पाण्याचें फिरणें थांबून हेडमधील उष्णता तेथेंच कोंडते. परंतु पाणी गेलें आहे असें दिसल्यास, वाफ येत असल्यास, किंवा पातळीची घंटा वाजल्यास एक क्षणही न थांबतां एंजिन बंद करावें. त्यानंतर कितीही घाई असली तरी तापलेल्या एंजिनांत विहिरीचें गार पाणी ओतूं नये. लोखंड एकाएकीं आक्रसून हेडला तडा जातो. तें हात लावण्याजोगें निवेपर्यंत वाट पाहावी. आणि कांटा अचानक खालीं आला, तर तें सुचिन्ह न मानतां ताबडतोब पाणी पाहावें, हें आम्ही स्वतःच्या खर्चानें शिकलों आहों.

कोणी कोणता घ्यावा

सारांश असा. ज्यांचा ट्रॅक्टर जुना व तारा जीर्ण झालेल्या आहेत त्यांनीं आंकड्यांचा यांत्रिक कांटा घेऊन त्याबरोबर पातळीची घंटा लावावी. ज्यांचा मूळ विजेचा कांटा चालू आहे त्यांनीं तो तसाच राहूं द्यावा व हेडच्या धातूचा, घंटा असलेला डिजिटल कांटा वेगळा बसवावा. दोन कांट्यांत मतभेद झाला कीं तीच सूचना समजावी. नवा ट्रॅक्टर असून हमीची मुदत संपलेली नसेल, तर विक्रेत्याकडून लेखी संमति घेतल्यावांचून तारांस हात लावूं नये. सर्वांनींच जोडी एकाच कारखान्याची, आटे जुळणारे व लांबी पुरेशी, या तीन गोष्टी दुकानींच पाहून घ्याव्या.

एका कांट्याची व घंटेची किंमत एका हेडच्या दुरुस्तीपुढें कांहींच नाहीं, आणि हंगामांतील वाया गेलेल्या आठ दिवसांचा हिशेब तर पैशांत करतांच येत नाहीं. तरी शेवटीं इतकें सांगणें अवश्य आहे कीं कांटा हा राखणदार आहे, धनी नव्हे. सकाळीं एंजिन थंड असतां झांकण उघडून पाणी पाहण्याचें व जाळी झाडण्याचें काम कोणताही कांटा करीत नाहीं. तें शेतकऱ्यानें स्वतःच करावयाचें आहे.